मूठवालीच्या तीन वाटा

रविवार, २ फेब्रुवारी

आज माझी वैदीण मेली. नदीत बुडून. आणि बुडवली कुणी, तर आमच्याच ह्यांनी.

बाहेरच्या माणसाला सांगायला गेलं तर हसेल. चार जाणती माणसं रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलाभोवती बसतात, फासे टाकतात आणि एका खोट्या राज्यात हिंडतात. हे सूत्रधार. पुठ्ठ्याचा आडोसा उभा करून त्यामागे नकाशे मांडून बसतात आणि गोष्ट पुढे नेतात. भाऊजी, म्हणजे ह्यांचे धाकटे भाऊ, चोर होतात. आमची दातांची डॉक्टर जादूगारीण होते. आम्ही तिला दातवालीच म्हणतो. मी वैदीण. दिवसभर दुकानात लोकांचे पडदे आणि सोफ्यांची कव्हरं शिवायची, आणि रविवारी त्या राज्यात जखमी लोकांना टाके घालायचे. टाके काही सुटत नाहीत माझे.

तर आज पूल तुटला आणि वैदीण पाण्यात पडली. मी निवांत होते. मागच्या वर्षी ह्यांनीच तिला पोवळ्याची अंगठी दिली होती, ती बोटात असली की पाणी मारत नाही. मी म्हटलं, "अहो, माझ्याकडे अंगठी आहे."

"कसली अंगठी?"

"पोवळ्याची. तुम्हीच दिलीत की."

ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं जणू मी खिशातून काही चोरून काढतेय. भाऊजी म्हणाले, "दादा, दिली होतीस रे." तर ह्यांनी हातातली पेन्सिल टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "वैदीण बुडाली."

आमच्या टेबलाचा पहिला नियम आहे, तोही ह्यांनीच घातलेला. सूत्रधाराने म्हटलं ते झालं. भाऊजींचा पहिला चोर विहिरीत पडला तेव्हा ते अक्षरशः पाया पडले होते, तरी हे बधले नाहीत. मग बायकोला तरी सवलत कशी मिळणार? मी चहा टाकायच्या निमित्ताने आत गेले आणि ओट्याशी उभी राहून रडले. एवढी वर्षं सांभाळलेलं माणूस होतं ते माझं. खोटं होतं म्हणून काय झालं?

गुरुवार, ६ फेब्रुवारी

राग उतरला. नवं पात्र घ्यायचं ठरलं. या वेळी औषधं नाहीत, काढे नाहीत. जन्मात कुणाला चापट मारली नाही, तर आता मारामारी करणारी घेते म्हटलं. शस्त्राशिवाय, नुसत्या हातापायांनी लढणारी. आम्ही तिला मूठवाली म्हणतो.

मूठवालीला सुरुवातीलाच तीनपैकी एक वाट निवडावी लागते, आणि एकदा निवडली की बदलता येत नाही. संध्याकाळी चहा घेताना ह्यांनी तिन्ही समजावून सांगितल्या. काय रंगात आले होते! पहिली विजेची वाट. समोरचा एक हात उचलेपर्यंत हिचे चार ठोसे बसलेले असतात, पण अंग कागदाचं. दुसरी वाऱ्याची. भिंतीवरून चालते, कुणाच्या हाती लागत नाही, मार मात्र बेताचा. तिसरी खांबाची. पाय रोवून उभं राहायचं. जोवर ती उभी आहे तोवर तिच्या मागच्या माणसाच्या केसाला धक्का लागत नाही, सगळे घाव हिच्या अंगावर. पण एकदा पाय रोवले की मागची माणसं सुटेपर्यंत जागचं हलायचं नाही.

खांब कसा उभा राहतो ते दाखवायला उठले, पाय फाकवून बैठकीत उभे राहिले आणि म्हणाले, "मार उशी." मी मारली. हलले नाहीत. दुसरी मारली ती नेमकी चष्म्याला लागली. दोघंही हसत सुटलो.

"पण ही तुझी वाट नव्हे हं," म्हणाले. "तू एका जागी पाच मिनिटं बसत नाहीस."

खरं आहे. आणि खांबासारखं उभं राहायचं त्यात खेळ तो कसला?

शनिवार, ८ फेब्रुवारी

दुकानात कापड बेतताना कागदाच्या तुकड्यावर हिशेब मांडला. विजेचे चार ठोसे, त्यातले दोन चुकले तरी वाऱ्याच्या दुप्पट मार. कागदाचं अंग झाकायला पुढे भाऊजींचा चोर आहेच. खांबाचा हिशेब केलाच नाही, त्याच्या खात्यात मार जवळजवळ शून्य. घरी येऊन ह्यांना सांगितलं, "विजेची घेते."

"उत्तम," म्हणाले.

रविवार, ९ फेब्रुवारी

सगळे जमले, फासे निघाले, आणि हे मला म्हणतात, "मग, कोणती वाट घ्यायची ठरवलीस?"

"काल सांगितलं की."

"मला? नाही सांगितलंस."

पालथ्या घड्यावर पाणी. लग्न झाल्यापासून हेच चाललंय. मान डोलावतात आणि लक्ष असतं नकाशात. ह्यांनी तिन्ही वाटा सगळ्यांदेखत पुन्हा पहिल्यापासून समजावल्या. तेच शब्द, तोच कागदाच्या अंगाचा विनोद. खांबाशी आले तसे उठून पाय फाकवून उभे राहिले आणि म्हणाले, "मार उशी."

या वेळी मी मारली नाही. माझ्या मते ह्यांना मी खांब घ्यावा असं वाटतंय, तोंडाने सांगायचं नाही एवढंच. मी विजेचीच घेतली.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

ह्यांनी नव्या शहराचा नकाशा काढला. जन्मभर जमिनी मोजल्या आणि नकाशे काढले, निवृत्त झाले तरी हात तसाच आहे. घरांवर घरं, एकेक गल्ली केसासारखी बारीक. पण नदीवरचा पूल दोनदा काढलाय. तोच पूल, तेच नाव, तीच 'कुजक्या फळ्या' अशी बारीक अक्षरातली टीप, दोन बोटांच्या अंतरावर. मी विचारलं तर नकाशाकडे नुसतं बघत राहिले. नक्की काहीतरी सापळा असणार. आम्ही चुकीच्या पुलावर चढायचं आणि ह्यांनी आडोशामागे गालात हसायचं. भाऊजींना सावध केलं पाहिजे.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

हे सकाळी पाय मोकळे करायला गेले ते उन्हं डोक्यावर आली तरी परतले नाहीत. शेवटी भाऊजींबरोबर आले. भाऊजी म्हणाले, "आमच्याकडे आला होता, सहज." मग बराच वेळ जिन्यात घुटमळले. मी विचारलं, घरी काही बिनसलंय का? जाऊबाई काही बोलल्या का? तर म्हणाले, "नाही वहिनी, तसं काही नाही," आणि माझ्या नजरेला नजर देईनात. माझी खात्री आहे, दोघांचं वाजलंय. एवढा मोठा माणूस, पण मनातलं सांगेल तर शपथ.

सोमवार, ३ मार्च

दाढ ठणकत होती म्हणून दातवालीकडे गेले. तोंड उघडं, आत तिचा आरसा, आणि तेव्हाच तिला विचारायचं सुचलं. "काकू, काकांना कुणाला दाखवलंत का?"

चूळ भरून म्हटलं, "कशाला?"

"हल्ली विसरतात ना बरंच. मागच्या रविवारी मला तीनदा विचारलं, तू कोण आहेस म्हणून. मला वाटलं खेळातलं विचारतायत."

"खेळातलंच विचारत असणार. आणि हे बघ, तू दातांची डॉक्टर आहेस, तू दात बघ."

बिचारीने खाली मान घालून दाढ भरली. बोलायला नको होतं तसं. पण लोकांना दुसऱ्याच्या घरात डोकावायची भारी हौस. वय झालं की माणूस विसरतोच. मी नाही का परवा कात्री गळ्यात अडकवून घरभर कात्री शोधली?

रविवार, ९ मार्च

आज काय लिहू आणि कसं लिहू! वैदीण परत आली.

जंगलात भाऊजींच्या चोराला बाण लागला. मी मूठवाली, मला टाके थोडेच येतात? तेवढ्यात हे आडोशामागून म्हणाले, "वैदीण पुढे येते, त्याचं डोकं मांडीवर घेते." आणि माझ्याकडे वळून, "बोल, कसली पट्टी बांधतेस?"

भाऊजींनी तोंड उघडलं, तर दातवालीने टेबलाखालून त्यांचा पाय दाबला, मला दिसलं ते. मीच म्हटलं, "मधाची." हे म्हणाले, "रक्त थांबलं." सूत्रधाराने म्हटलं ते झालं. म्हणजे ती जिवंत आहे. इतक्या वर्षांत ह्यांनी एक मेलेलं माणूस कधी परत दिलं नव्हतं, सख्ख्या भावालाही नाही. आणि मला दिलं, न मागता, चारचौघांत.

लग्नाच्या वाढदिवशी साधं फूल आणत नाहीत, सांगावं लागतं. पण आज आणलंच की. भाऊजींचे डोळे भरून आले. इतके हळवे ते कधीपासून झाले कोण जाणे.

सोमवार, १० मार्च

सकाळी चहाबरोबर ह्यांच्या आवडीची बिस्किटं दिली आणि म्हटलं, "वैदीण परत दिलीत. फार बरं वाटलं."

"परत?" म्हणाले. "कुठे गेली होती?"

मी हसले. कधीकधी असले मिश्कील होतात हे. हसत हसत दुकानात गेले.

दुपारी एका मोठ्या पडद्याचं कापड अर्धं कापून झालं आणि कात्री थांबली. ह्यांचा चेहरा आठवला. हे हसत नव्हते. मला विचारत होते.

बुधवार, २६ मार्च

इतके दिवस लिहिलं नाही. लिहिलं की खरं होईल असं वाटत होतं.

काल दुकानातून आले तर हे बैठकीत नकाशा घेऊन उभे. मला म्हणाले, "वैदीणबाई, इथे एक पूल होता ना? मला पलीकडे जायचंय. घरी बायको वाट बघत असेल."

मी पिशवी खाली ठेवली. "अहो," म्हटलं. तर चटकन भानावर आले, "अगं, आलीस होय? चहा टाकू का?" आणि खरंच चहा टाकायला गेले. मी तिथेच सोफ्यावर बसून राहिले. सगळं ओळीने डोळ्यांपुढून गेलं. अंगठी. उशी. दोन पूल. जिन्यात घुटमळणारे भाऊजी. सगळ्यांना दिसत होतं, माझ्या डोळ्यांवरच पट्टी. नव्हे, मीच बांधली होती, आणि गाठ चांगली घट्ट मारली होती.

दातवालीला फोन केला. माफी मागायची होती, पण नुसती रडत राहिले. ती म्हणाली, "काकू, मी नंबर देते डॉक्टरांचा. मी येते बरोबर."

शुक्रवार, ४ एप्रिल

मेंदूचे डॉक्टर तरुण आहेत, सावकाश बोलतात. ह्यांच्यापुढे कोरा कागद ठेवला आणि म्हणाले, "एक घड्याळ काढा."

ह्यांनी एका दमात वर्तुळ काढलं. हाताने, तेही असं की कंपास लाजेल. डॉक्टरही बघत राहिले. मला उगाच अभिमान वाटला, म्हटलं आता कळेल डॉक्टरांना कुणाशी गाठ आहे. मग हे आकडे लिहायला लागले. एक, दोन, तीन, सगळे उजव्या बाजूला, एकाखाली एक दाटीवाटीने. डावी बाजू तशीच कोरी. लिहून झाल्यावर कागद स्वतःकडे वळवून बराच वेळ पाहिला. काहीतरी चुकलंय हे त्यांना कळत होतं. काय ते कळत नव्हतं.

डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. बरा होणारा नाही, सावकाश वाढेल म्हणाले. परतताना हे रिक्षात म्हणाले, "चांगला मुलगा आहे. चित्रकलेचा मास्तर आहे का?" मी हो म्हटलं.

रविवार, २० एप्रिल

आज खेळ मधेच अडकला. गुहेच्या दारापर्यंत सगळं ठीक होतं. दार उघडलं आणि हे थांबले. आडोशाकडे बघत राहिले, मग आमच्याकडे. "पुढे काय होतं?" म्हणाले. आम्हालाच विचारत होते. त्या दाराच्या आत काय आहे ते फक्त त्यांच्या डोक्यात होतं, आणि आता तिथेही नव्हतं. कपाळ घामाने डबडबलं होतं.

भाऊजींनी मला आत बोलावलं. "वहिनी, थांबवू या आता. त्याचे हाल बघवत नाहीत."

पटलं मला. पण मग रविवारी दुपारी हे काय करणार? सोमवारी उठून कशाची वाट बघणार? त्या पुठ्ठ्यामागेच तर हे अजून पुरते हे असतात. खेळ गेला की उरलेलंही भराभर जाईल, हे मला डॉक्टरांनी सांगायची गरज नाही.

बाहेर आले आणि आडोसा उचलून माझ्या बाजूला ठेवला. म्हटलं, "अहो, खूप वर्षं राबलात. आता मी सूत्रधार. तुम्ही खेळा."

वाटलं रागावतील. तर इतके हलके झाले! खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "मी कोण होऊ?"

वैदीण आता माझ्याकडेच राहणार होती. मी माझी मूठवाली त्यांना देऊन टाकली, मूठवाला करून. म्हटलं, "वाट तुमची तुम्ही निवडा. तीन आहेत." आणि सांगायला लागले. वीज, तिचे चार ठोसे, तिचं कागदाचं अंग. वारा. खांब. त्यांचेच शब्द, त्यांचाच विनोद. ते पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखे हसले.

"खांब," म्हणाले.

भाऊजी म्हणाले, "दादा, वीज घे. खांबात काय मजा?"

"बाकीचे सुटेपर्यंत कुणीतरी उभं राहायला नको का?"

रविवार, ११ मे

दर रविवारी पहिल्यापासून. "मी कोण?" विचारतात, मी तीन वाटा सांगते, हे नीट कान देऊन ऐकतात, हनुवटी खाजवतात, आणि खांब घेतात. एकदाही वीज नाही, वारा नाही. एकदा निवडलेली वाट बदलायची नाही असा नियम आहे, पण ह्यांना निवडल्याचंच आठवत नाही, तरी बदलत नाहीत. एका रविवारी दातवालीने मुद्दाम खांबाचं नावच घेतलं नाही, दोनच वाटा सांगितल्या. हे म्हणाले, "उभं राहणारा कुणी नाही का यात?"

मी वर्णन करताना अडखळते, फाशांची बेरीज चुकवते, राक्षस मरून गेल्यावर मला त्याचं विष आठवतं. हे सांभाळून घेतात. "होतं असं," म्हणतात, "नवीन आहात तुम्ही."

मला अहोजाहो करतात आता बऱ्याचदा. माझं नाव विचारत नाहीत, बहुतेक विचारायचा संकोच वाटतो. लग्नानंतर पहिले काही दिवस असेच लाजायचे.

रविवार, ८ जून

आज पुलावर आलो. ह्यांनी नकाशात तो दोनदा काढून ठेवला होता, म्हणून पुन्हा आला. मी त्यांचाच नकाशा वापरते, माझा हात तसा कुठे?

मागून लांडगे, खाली पाणी चढतंय. मूठवाल्याने पुलाच्या तोंडाशी पाय रोवले. हे खरोखरच खुर्चीतून उठले, पाय फाकवून उभे राहिले. मी आधार द्यायला गेले तर हाताने नको म्हणाले. चोर पलीकडे गेला. जादूगारीण गेली. वैदीण पुलाच्या मध्यावर आली आणि मी नकाशात बघून वाचलं, ह्यांच्याच अक्षरात होतं तसं. कुजक्या फळ्या. फळी तुटली, पूल कोसळला. वैदीण पाण्यात पडली.

तोंडातून गेल्यावर कळलं मी काय म्हटलं ते. भाऊजी चिडून म्हणाले, "वहिनी, पुन्हा?"

हे उभ्या उभ्याच म्हणाले, "घाबरू नका. तिच्याकडे अंगठी आहे. पोवळ्याची. मीच दिलीय."

दातवाली उठून खिडकीशी गेली. माझ्या हातातला फासा खाली पडला तो कुठे घरंगळला ते अजून सापडलेलं नाही. मग मी म्हटलं, वैदीण पाण्यातून चालत निघाली आणि पलीकडच्या काठाला लागली.

"झालं तर मग," हे म्हणाले. खूप समाधान होतं चेहऱ्यावर.

"आणि तू, दादा?" भाऊजींनी विचारलं. "पूल तर गेला."

"मी आहे इथे. तुम्ही निघा." मग माझ्याकडे वळून, परक्या बाईशी बोलावं तसं अदबीने म्हणाले, "बाई, तुम्हीसुद्धा निघा. अंधार पडेल. घरी वाट बघत असतील तुमची."

मी नकाशा बाजूला केला. म्हटलं, वैदीण पुन्हा पाण्यात उतरली. अलीकडे आली. मूठवाल्याच्या मागे येऊन उभी राहिली.

भाऊजी डोळे पुसत म्हणाले, "वहिनी, नियमात नाही बसत हे. एकदा पार झालेलं माणूस परत फिरत नाही."

मी म्हटलं ते झालं.